सदाफुलीची साक्ष

आत्याबाईंनी मधुमेहाच्या गोळ्या सोडल्या आणि सदाफुलीची पाने चघळायला घेतली. ‘पूर्वीचे लोक काय वेडे होते?’ वेडे खासच नव्हते. पण परंपरेला मान द्यायचा म्हणजे नुसती मान डोलवायची काय? मला ते पटेना. १९५२ साली जमैकाहून हीच पाने कॅनडात डॉ. रॉबर्ट नोबल यांच्याकडे आली. अर्क पाजला, उंदरांची साखर हलेना. टोचला, तर उंदीरच मेले! रक्तातल्या पांढऱ्या पेशी घटल्या होत्या. त्या का घटल्या, हे त्यांनी शोधले. म्हणून १९५८ साली कर्करोगावरचे विनब्लास्टीन हाती आले. मान डोलवणाऱ्याला सदाफुली हे बोलली नसती.

आत्याबाई बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, ‘त्या गोळ्या कुठे ठेवल्यास रे?’