डबीर स्ट्रीटवर, मनानं

निवांत बसा. हात मांडीवर सैल सोडा. घाई कसलीच नाही. मनानं कावेरीकाठच्या कुंभकोणमला चला.

डबीर स्ट्रीटच्या तोंडाशी थांबा. मराठेशाहीत परराज्यांचा व्यवहार बघायचा तो डबीर. व्यंकोजीराजांनी १६७६च्या सुमारास तंजावरची गादी घेतली. १८५५ मध्ये कंपनीनं राज्य खालसा केलं. दरबार उठला, डबीर गेले. पत्ता तेवढा राहिला. पोस्टमनला, दूधवाल्याला डबीर कोण हे ठाऊक नसलं तरी त्यांचं काही अडत नाही. हे मनात मुरू द्या.

आता जर्मनीतलं केमनिट्झ आठवा. १९५३ मध्ये कम्युनिस्ट राजवटीनं शहराला मार्क्सचं नाव दिलं. १९९० मध्ये लोकांनी मतदान करून जुनं नाव परत घेतलं. मार्क्सचं सात मीटर उंच ब्राँझचं मस्तक मात्र जागचं हललं नाही. तिथे नाव गेलं, पुतळा उरला. इथे पुतळ्यावाचून नाव तगलं.

सावकाश तंजावरला या. बृहदीश्वराच्या आवारातल्या भिंतीवर दुसऱ्या सरफोजींनी १८०३ मध्ये भोसले घराण्याचा इतिहास मराठीत कोरवून घेतला. ओळीमागून ओळ. आपली आठवण राहावी, हाच हेतू. अक्षरं शाबूत आहेत. समोरून जाणाऱ्या बहुतेकांना ती वाचता येत नाहीत. मग टिकलं ते काय? उत्तराची घाई करू नका.

शेवटी कुंभकोणमजवळच्या तिरुविडैमरुदूरच्या देवळात जा. तिथे दोन्ही हातांत पणती धरलेली एक पितळी दीपलक्ष्मी आहे. भोसले घराण्यातल्या एका मुलीनं मनातल्या प्रतापसिंहाशी लग्न व्हावं म्हणून लाख दिव्यांचा नवस बोलला होता. तो फळला, तेव्हा १८५३ मध्ये तिनं ही मूर्ती वाहिली. दोनच वर्षांनी राज्य बुडालं. नवस मात्र फेडून झाला होता.

राजवटी स्मारकं उभारतात. त्यातलं काय ठेवायचं ते पुढचे लोक ठरवतात, आणि बहुधा आपल्या सोयीनंच. म्हणून उद्या तुमच्या गावात रस्त्याचं नाव बदलायचा ठराव आला, तर हात वर करण्याआधी पाटीवरचा माणूस कोण होता, एवढं तरी शोधून काढा.