पालथा फोन

जुनी टू-स्ट्रोक गाडी बघायला जायचं तर सकाळी जावं, आणि ‘मी येईपर्यंत सुरू करू नका’ असं आदल्या दिवशीच सांगून ठेवावं. पोचल्यावर नमस्कार-चमत्कार चालू असतानाच एक हात सहज इंजिनवर ठेवावा. गरम लागलं तर समजावं की आपण यायच्या आधी कोणीतरी वीस किका मारून घाम गाळलाय. थंड इंजिन किती किकांत उठतं, पहिला धूर कसा येतो आणि किती वेळात विरळ होतो, एवढ्यावरून गाडीची निम्मी कुंडली कळते.

हे सगळं मला पाठ होतं. फेब्रुवारीत सिरोंचाला यामाहा आरएक्स १०० बघायला गेलो तेव्हा फोनमध्ये बेचाळीस मुद्द्यांची यादी होती. सॉफ्टवेअरवाल्यांना यादी केल्याशिवाय भाजीसुद्धा आणता येत नाही, असं माझी बहीण म्हणते.

परदेशातले हौशी लोक जुन्या स्पोर्ट्स कार शोधत हिंडतात. आपल्याकडे त्या खात्यात फारसं काही नव्हतंच. १९९०च्या दशकाच्या शेवटी गोव्यात सॅन स्टॉर्म नावाची दोन आसनी, उघड्या टपाची, फायबरच्या अंगाची मोटार तयार झाली. ती रस्त्यावर पाहिलेला माणूस मला अजून भेटायचाय. आमच्या चंद्रपूर-गडचिरोलीकडे स्पोर्ट्स कारची जागा आरएक्सनं घेतली. १९८५ साली आली, १९९६ साली बंद झाली. ९८ सीसी, ११ हॉर्सपॉवर. आकडे आज हसण्यासारखे वाटतील, पण गाडीचं वजन शंभर किलोच्या आसपास, त्यामुळे मूठ पिळली की ती अंगाखालून पळते. माझ्या धाकट्या काकाकडे एक होती. मी शाळेत असताना त्यानं ती विकली, आणि त्या दिवशी मी जेवलो नव्हतो. बाकी कारण सांगायची गरज नाही.

आता अशा गाड्यांना भाव आलाय, आणि भाव आला की बनावटही येते. चोरीच्या गाडीचा चासी नंबर घासून दुसऱ्या गाडीचा कोरतात. म्हणून हँडलच्या खाली, फ्रेमच्या मानेवर कोरलेला नंबर बॅटरीच्या उजेडात तिरका बघायचा. अक्षरांची खोली सारखी आहे का, आजूबाजूला कानस फिरल्याच्या रेघा आहेत का, तेवढ्याच चार बोटं जागेवर रंग नवा आहे का. बोटानं चाचपलं तर डोळ्याला न दिसलेलं कळतं. मग इंजिनवरचा नंबर, आणि दोन्ही नंबर आरसीशी ताडून बघायचे. यंत्र बिघडलेलं असेल तर पैसे घालून दुरुस्त होतं. कागद बिघडलेला असेल तर घेतलेली वस्तू तुमची कधी होतच नाही.

हैदराबादेत मी नोकरी करतो. तिथून सिरोंचा मला चंद्रपूरपेक्षा सोपं पडतं, कारण कालेश्वरम आणि सिरोंचाच्या मध्ये गोदावरीवर आता पूल आहे. पूर्वी नावेनं यावं लागे. पलीकडे तेलंगण, अलीकडे महाराष्ट्र. पण दुकानाच्या पाट्यांवर आणि बाजारातल्या भांडणांत दोन्ही भाषा नांदतात. ऑफिसातल्या एका मित्राचं गाव इथलं. त्याच्या ओळखीचे एक निवृत्त शिक्षक, सगळे त्यांना गुरुजीच म्हणतात, १९८८ची गाडी विकणार होते. अंकिसा, आसरअली, झिंगानूर, जिथं बदली झाली तिथं ते हीच गाडी घेऊन गेले. आता गुडघा किक मारू देत नाही.

इंजिन थंडगार होतं. गुरुजींनी माझ्या निरोपाचा अर्थ ‘गाडीला हात लावू नका’ असा घेतला होता, म्हणून त्यांनी धूळही पुसली नव्हती.

मी यादी काढली. टाकीत उजेड टाकून गंज बघितला. मॅग्नेटोचं कव्हर काढून फ्लायव्हील वर-खाली हलवलं. तिथं खेळ लागला तर क्रँकची बेअरिंग गेली समजायची. मग गाडी सुरू केली, चौथ्या किकेला. या इंजिनात क्रँकच्या दोन्ही बाजूंना ऑइल सील असतात, आणि दोघांच्या आजाराची लक्षणं वेगळी. गिअरच्या बाजूचं सील फुटलं तर गिअर ऑइल जळतं आणि पांढरा दाट धूर थांबत नाही. मॅग्नेटोच्या बाजूचं फुटलं तर तिथून हवा आत ओढली जाते, मिश्रण पातळ होतं, आणि मूठ सोडली तरी इंजिनाचा आवाज चटकन खाली येत नाही. इथं धूर थांबेना. मी मनात टीप केली: गिअरच्या बाजूचं सील.

‘धूर करते जी ती,’ गुरुजी खुर्चीवरून म्हणाले. ‘दोन वर्षं झाली. अन् गिअरचं तेलपण कमी होते.’

मी हेडलाइट उघडायला घेतला. पुरात बुडालेली गाडी बाहेरून कितीही धुतली तरी हेडलाइटच्या वाटीत, वायरच्या जोडांत, सीटच्या खालच्या कोपऱ्यात गाळाची बारीक भुकटी राहते. स्क्रू निघायच्या आधीच ते म्हणाले, ‘जुलै २०२२च्या पुरात पाणी चढलं होतं तिच्यावर. सीटपर्यंत. सांगून ठेवतो, मागून म्हणाल का गुरुजी बोलले नाही.’

असं एकेक करत ते माझ्या यादीच्या पुढे पुढे चालले होते. ऑइल पंप मेकॅनिकनं काढून टाकलाय, पेट्रोलमध्येच टूटी ऑइल मिसळावं लागतं. मागच्या स्विंगआर्मचा बुश झिजलाय. एकदा रानडुक्कर आडवं आलं होतं, तेव्हा पुढचा फोर्क सरळ करून घेतलाय. माझ्या बेचाळीसपैकी अकरा दोष त्यांनी मी शोधायच्या आत सांगितले, आणि दोन असे सांगितले जे माझ्या यादीत नव्हतेच.

फोनवर यादीच्या मागच्या टॅबमध्ये हैदराबादेतल्या जाहिराती उघड्या होत्या. याच सालच्या, नीट केलेल्या आरएक्स. एक लाख वीस, एक लाख पस्तीस. गुरुजी माझ्याशेजारी येऊन चष्मा सावरत म्हणाले, ‘काय काय लिहिलंय पाहू तरी.’ मी टॅब बदलत होतो, बोट चुकलं, जाहिराती समोर आल्या. मी फोन सीटवर पालथा ठेवला.

मग किंमत विचारली. ‘पंधरा हजार,’ ते म्हणाले. आणि थोडं थांबून, ‘जास्त तर नाही ना सांगत मी?’

मी म्हणालो, ‘नाही गुरुजी, ठीक आहे.’

यात एकही शब्द खोटा नाही. पंधरा हजार जास्त नव्हतेच. मी पैसे दिले, त्यांनी फॉर्म २९ आणि ३०वर सह्या केल्या, वाचल्याशिवाय आणि तारखेची जागा कोरी ठेवून. गाडी पिकअपमध्ये चढली. पूल ओलांडताना मला काकाच्या गाडीचा आवाज आठवत होता, आणि मध्येच सीटवरचा तो फोन.

हैदराबादला आल्यावर मी कायदा वाचला. स्वतःला निर्दोष ठरवायला माणूस जितक्या काळजीनं वाचतो तितक्या काळजीनं परीक्षेलाही वाचत नाही. १८७२चा भारतीय करार कायदा, कलम १७. केवळ गप्प राहणं म्हणजे फसवणूक नव्हे, असं तिथं स्पष्ट आहे, आणि खाली उदाहरणंही आहेत. लिलावात घोडा विकणाऱ्याला घोड्यातला दोष माहीत आहे, तो बोलला नाही, फसवणूक नाही. दोन व्यापारी सौदा करतायत, एकाला भाव बदलल्याची खबर आधीच मिळालीय. ती दुसऱ्याला सांगायला तो बांधील नाही. मला हायसं वाटलं. पण या दोघांच्या मध्ये आणखी एक उदाहरण आहे. घेणारा म्हणतो, ‘तुम्ही नाही म्हणाला नाहीत तर मी घोडा धडधाकट आहे असं धरतो,’ आणि विकणारा गप्प बसतो. इथं कायदा म्हणतो की हे गप्प बसणं बोलण्यासारखंच आहे. ‘जास्त तर नाही ना?’ हा प्रश्न यांतल्या कुठल्या खणात बसतो, यावर मी बराच वेळ घालवला. कोर्टात बहुधा मी सुटलो असतो. त्यांनी ‘जास्त’ विचारलं होतं, ‘कमी’ विचारलं नव्हतं. हा युक्तिवाद सुचल्यावर मला स्वतःचीच किळस आली.

जुन्या गाड्यांच्या बाजारावर अर्थशास्त्रातला एक गाजलेला लेख आहे, जॉर्ज अ‍ॅकरलॉफ यांचा, १९७०चा. पुढे २००१मध्ये त्यांना नोबेल मिळालं त्यामागे हेच काम होतं. विकणाऱ्याला गाडीचे दोष माहीत, घेणाऱ्याला नाहीत. म्हणून घेणारा सगळ्याच गाड्यांना कमी भाव देतो, मग चांगल्या गाड्यांचे मालक बाजारातून निघून जातात आणि खटारे उरतात. माझी यादी, तुमच्या फोनवरचे ‘जुनी गाडी घेताना काय तपासाल’वाले सगळे व्हिडिओ, सगळे याच समजुतीवर उभे आहेत की लपवणारा समोरचा असतो. सिरोंचाच्या अंगणात हे उलटं होतं. दोषांची माहिती त्यांच्याकडे होती, ती त्यांनी दिली. किमतीची माझ्याकडे होती.

याच्याशी जुळणारं काही मला सापडलं ते फार जुन्या पुस्तकात. रोमन वकील सिसेरो यानं ख्रिस्तपूर्व ४४मध्ये मुलासाठी कर्तव्यांवर एक ग्रंथ लिहिला. त्यात एक धान्याचा व्यापारी येतो. ऱ्होड्स बेटावर दुष्काळ आहे, हा जहाज भरून धान्य घेऊन पोचलाय, आणि मागून आणखी जहाजं येतायत हे त्याला ठाऊक आहे. ते सांगावं की चढ्या भावानं विकून मोकळं व्हावं? डायोजेनिस म्हणतो, कायद्यानं मागितलं तेवढं सांग, बाकी तुझा माल तुझा भाव. त्याचाच शिष्य अँटिपेटर म्हणतो, घेणाऱ्याला जे कळायला हवं ते तुला कळलंय तर त्यालाही कळू दे. सिसेरो शिष्याच्या बाजूनं आहे. मी कॉलेजात असतो तर गुरूच्या बाजूनं गेलो असतो.

त्याच पुस्तकात स्केव्होला नावाच्या माणसाची गोष्ट आहे. याला एक शेत घ्यायचं होतं. त्यानं विकणाऱ्याला एकच किंमत सांगायला लावली. ऐकून म्हणाला, माझ्या मते हे शेत जास्त मोलाचं आहे, आणि एक लाख सेस्टर्स वर दिले. सिसेरो पुढे लिहितो की हा भला माणूस होता हे सगळे मान्य करतात, फक्त शहाणा होता असं म्हणत नाहीत.

मला स्केव्होला थोडा न परवडणारा वाटतो. शिवाय हिशोबाला दुसरी बाजू आहे, आणि ती खोटी नाही. लाखाची किंमत नीट केलेल्या गाडीची, पुरात बुडालेल्या गाडीची नव्हे. मी शीट केली. क्रँक, सील, बोअर-पिस्टन, ऑइल पंप, वायरिंग, टायर, रंग, नूतनीकरण, पिकअपचं भाडं, बावन्न हजार. वर माझे रविवार. म्हणजे सिरोंचाच्या अंगणातल्या गाडीची किंमत लाख नव्हतीच. पण पंधराही नव्हती. मधे कुठेतरी एक आकडा होता, आणि तो कुठला हे ठरवायला दोन माणसं लागतात. मी तो एकट्यानं ठरवला होता. माझी चूक एवढीच आहे असं मला वाटतं, आणि ही ‘एवढीच’ फार मोठी आहे. कारण सोपी परीक्षा होती: फोन त्यांच्या हातात देऊन हाच सौदा मी करू शकलो असतो का? ज्या क्षणी तो पालथा केला त्या क्षणी मला उत्तर माहीत होतं.

आणखी एक धोका होता, तो तर मी पाहिलाच नव्हता. गाडी विकली तरी आरटीओच्या नोंदीत नाव बदलेपर्यंत मालक जुनाच. अपघात झाला तर नुकसानभरपाईसाठी नोंदलेल्या मालकालाच धरलं जातं. नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात २०१८ साली सर्वोच्च न्यायालयानं हे पक्कं केलंय. कोऱ्या तारखेची सही देऊन गुरुजी माझ्या प्रत्येक वळणाला जामीन राहिले होते, आणि त्यांना ते माहीत नव्हतं. म्हणून गाडी मी रस्त्यावर काढली नाही.

एनओसीच्या फॉर्म २८वर त्यांची सही लागणार होती. पोस्टानं झाली असती. मी एप्रिलच्या उन्हात पुन्हा पूल ओलांडून गेलो, चहा झाल्यावर फोनवर शीट उघडली, जाहिराती उघडल्या आणि फोन त्यांच्या हातात दिला. ‘गुरुजी, हे तेव्हा दाखवायला पाहिजे होतं.’

त्यांनी चष्मा घातला. जाहिरातींकडे फार वेळ बघितलं नाही. एकदा फक्त ‘अबब’ म्हणाले. शीट मात्र ओळ न ओळ वाचली, बोटानं वर सरकवत, पेपर तपासावा तशी. मी माफी वगैरे पुटपुटत होतो, तिकडे त्यांचं लक्ष नव्हतं. रागावले का तेही कळेना. काकू दारात उभ्या राहून ऐकत होत्या. त्यांच्या चेहऱ्यावर मात्र स्पष्ट दिसत होतं.

‘हे चुकलं,’ गुरुजी म्हणाले. ‘ऑइल पंप, साडेचार हजार.’

‘तेवढ्यालाच मिळतो गुरुजी, जुना ओरिजिनल.’

ते उठले, आत गेले, आणि बिस्किटाचा पत्र्याचा डबा घेऊन आले. फडक्यात गुंडाळलेला मूळ पंप, त्याची केबल आणि दोन वॉशर. मेकॅनिकनं काढला त्या दिवशी त्यांनी तो मागून घेतला होता. ‘आता हा खर्च कट करा,’ ते म्हणाले, ‘अन् मग सांगा किती होते.’

मी ओळ खोडली. मग टायरवर वाद झाला. त्यांच्या मते मागचा टायर अजून वर्षभर जाईल, माझ्या मते नाही. रविवारांचे पैसे धरायचे का यावर ते म्हणाले, धरा, पण अर्धे, कारण बाकी अर्धी तुमची हौस आहे. काकू म्हणाल्या, पूर्ण हौसच आहे, एकपण पैसा धरू नका. ऊन उतरेपर्यंत ते चाललं. शेवटी छत्तीस हजारांवर तिघं थांबलो. पंधरा दिलेले होते, दहा मी तिथंच दिले, अकरा दिवाळीपर्यंत द्यायचे आहेत. त्यांनी ते वहीत लिहून ठेवलंय आणि खाली माझी सही घेतलीय. या वेळी तारीख घालून.