शांतीचा विषय न काढता

विश्वशांती आपल्याकडे प्रार्थनेत शोभते. शके 1212 मध्ये नेवाशाला ज्ञानेश्वरी पुरी झाली, तेव्हा ज्ञानेश्वरांनी पसायदान मागितलं ते साऱ्या विश्वासाठी, आणि मागितलं देवापाशी. आजही शाळेत मुलं हात जोडून ते म्हणतात. मागणं फार मोठं आहे. पण शेजाऱ्याशी रोज कसं बोलायचं हा धडा मला त्याच काळातल्या दुसऱ्या एका ठिकाणी सापडतो. धाराशिव जिल्ह्यातल्या तेरला, एका कुंभाराच्या अंगणात.

गोष्ट सगळ्यांना ठाऊक आहे. गोरोबाकाकांच्या घरी संत जमले. मुक्ताबाईने थापटण्याकडे बोट दाखवून हे काय म्हणून विचारलं, आणि काकांनी मडकी तपासावीत तसं एकेकाच्या डोक्यावर थापटणं मारलं. नामदेव चिडले, कच्चे ठरले. पुढे त्यांनी विसोबा खेचरांना गुरू केलं म्हणून कीर्तनकार ही कथा गुरूच्या महतीसाठी सांगतात. मला तिच्यात वेगळंच दिसतं. अंगणात कुंभार होता, शिंपी होता, वाळीत पडलेल्या ब्राह्मणाची पोरं होती. आणि ज्ञान कुणाचंच तपासलं गेलं नाही. दुसऱ्याने टोकल्यावर उठून न जाता बसून राहता येतं का, एवढंच पाहिलं. ज्याला ते सोसलं नाही तोच, परंपरा सांगते, पुढे थेट पंजाबात जाऊन तिथल्या लोकांत मिसळला. गुरु ग्रंथसाहिबात नामदेवांची 61 पदं आहेत.

तेर तसंही पहिल्यापासून परक्यांशी बोलणारं गाव. पेरिप्लस या ग्रीक प्रवासवर्णनातलं तगर ते हेच. पहिल्या शतकात इथलं कापड गाड्यांवर लादून भडोचला जायचं आणि तिथून समुद्रापार. भाषा वेगळ्या, देव वेगळे, तरी भाव ठरत होते. शांतीचं नाव त्यात कुणी घेतलं असेल असं वाटत नाही.

विसाव्या शतकात शांतीचा विचार प्रार्थनेतून ठरावात आला. 1945 मध्ये युनेस्कोची घटना झाली. युद्धाचा उगम माणसाच्या मनात असतो, तेव्हा शांतीची उभारणीही तिथेच करायला हवी, असा तिचा आशय. त्यानंतर तीनच वर्षांनी आमच्या जिल्ह्यात काय झालं ते मात्र आपण हळू आवाजात बोलतो. उस्मानाबाद, म्हणजे आजचं धाराशिव, तेव्हा निजामाच्या राज्यात. निजामाच्या बाजूच्या रझाकारांनी गावंच्या गावं भयभीत केली होती. सप्टेंबर 1948 मध्ये पोलीस कारवाई झाली, राज्य मुक्त झालं, आणि मग सूड मुसलमान वस्त्यांवर उलटला. नेहरूंनी पाठवलेल्या पंडित सुंदरलाल समितीने सर्वांत जास्त झळ बसलेले चार जिल्हे सांगितले: उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर, नांदेड. तो अहवाल कितीतरी दशकं कपाटात होता.

त्या काळ्या अहवालातली एक नोंद मला मोलाची वाटते. हिंदूंनी मुसलमान शेजाऱ्यांना वाचवल्याची उदाहरणं समितीला सापडली, आणि हा जिव्हाळा एकाच धंद्यातल्या माणसांमध्ये अधिक दिसला. काही ठिकाणी हिंदू विणकर मुसलमान विणकरांसाठी जमावाला आडवे गेले, काहींनी त्यात जीवही गमावला. या माणसांनी शांतीवर भाषणं ऐकली नसणार. सूत महाग झालं, रंग बसत नाही, सावकार थांबत नाही, हेच त्यांचं बोलणं असणार.

इथे कुणी म्हणेल, शेजारी तर सगळेच होते, रोज रामराम-सलाम सगळ्यांचाच होता. मग लुटायला गेले ते कोण? आक्षेप खरा आहे. नुसता रामराम पुरत नाही. ज्याच्याशी आपलं नफा-नुकसान बांधलेलं असतं, ज्याच्याशी भांडून पुन्हा दुसऱ्या दिवशी बोलावंच लागतं, तिथे काहीतरी पक्कं होतं.

हे एका पोलीस अधिकाऱ्याने ओळखलं. 1970 आणि 1984 च्या दंगलींनी होरपळलेल्या भिवंडीत सुरेश खोपडे 1988 मध्ये उपायुक्त म्हणून आले. दंगल पेटल्यावर प्रतिष्ठितांना गोळा करणाऱ्या शांतता समितीवर न विसंबता त्यांनी मोहल्ला समित्यांमध्ये साध्या माणसांना पोलिसांसह नेमाने एकत्र बसवलं. 1992-93 मध्ये मुंबई जळत असताना भिवंडी शांत राहिली. आणि भिवंडी म्हणजे पुन्हा मागांचंच गाव! 2007 मध्ये तेव्हाचे गृहमंत्री आर. आर. पाटलांनी गावातले तंटे गावातच मिटवायला तंटामुक्त गाव मोहीम आणली तीही याच वळणाची, पण तिला बक्षीस जोडलं होतं. बक्षीस आलं की तंटे किती मिटले याचा हिशेब सुरू होतो आणि बोलणं मागे पडतं, असं माझं मत.

आमच्याकडे ते बोलणं अजून ऐकायचं तर जनावरांच्या बाजारात जावं. उस्मानाबादी शेळी मांसासाठी आणि जुळ्या करडांसाठी नावाजलेली. व्यापारी वय ताडायला बोकडाचं तोंड उघडून दात बघतो, पाठीवर हात फिरवतो.

"मालक, चार दाती झालंय की."

"चाचा, दोनच हायत, नीट बघा. चष्मा बदला आता."

मग भाव ठरवायला रुमालाखाली हात जातो, बोटं धरली जातात, कुणीतरी उठून चालू लागतो, दहा पावलांवरून परत येतो. एकमेकांना खोटं ठरवूनही कुणी कुणाच्या धर्मावर जात नाही. सौदा तुटला तर पुढच्या बाजारी हीच माणसं असतात.

आता बोकडाचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर जातो, भाव किलोवर ठरतो, पैसे फोनवर येतात. सोय आहे, शेतकऱ्याची फसवणूकही कमी होते. त्याला नावं ठेवायचं कारण नाही. पण संध्याकाळी त्याच फोनवर 'ते लोक' कसे असतात याचा मेसेज येतो. चाचांशी घासाघीस केलेला माणूस तो मेसेज पुढे पाठवण्याआधी निदान अडखळतो. ज्याने चाचा पाहिलेच नाहीत, त्याने कशाला अडखळावं? म्हणून शांतीसाठी जिल्ह्यात काही खर्च करायचाच असेल, तर मी आधी जनावरांच्या बाजारात पत्र्याची सावली, पाण्याची टाकी आणि बसायला दोन-चार बाकं मागेन; म्हणजे सौदा झाल्यावर माणसं घाईने निघून जाणार नाहीत.