लपवलेला खेळ, उघडा खेळ

पूल खेळाडू विली मोस्कोनीने १९५४ साली ओहायोतल्या स्प्रिंगफिल्डमध्ये एका प्रदर्शनीय सामन्यात सलग ५२६ चेंडू पॉकेटमध्ये घातले. ‘स्ट्रेट पूल’मधला हा आकडा अमेरिकेत पासष्ट वर्षं अढळ मानला गेला. २०१९मध्ये जॉन श्मिटने ६२६ केले आणि २०२२मध्ये जेसन शॉने तेही ओलांडले. मग आजचे खेळाडू सरस, असं म्हणून मोकळं व्हायला काय हरकत आहे? मोस्कोनीचं टेबल तर आठ फुटी होतं, आजच्या स्पर्धांतल्या नऊ फुटी टेबलापेक्षा लहान. हरकत अशी की त्या संध्याकाळी तो विक्रम करायला उभा राहिलाच नव्हता. गावात पाहुणा म्हणून आला, सामना जिंकला आणि हात थांबेना म्हणून खेळत राहिला. श्मिटने मात्र कित्येक महिने त्याच एका आकड्याचा पिच्छा पुरवला. डाव मोडला की पुन्हा शून्यापासून. दोन्ही कामगिऱ्या थोर आहेत, पण त्यांना एका तराजूत घालता येत नाही.

म्हणून पिढ्यांची तुलना करताना मला विक्रम फारसे उपयोगी वाटत नाहीत. पूलचं ज्ञान कुणाच्या हाती होतं आणि ते इतरांपर्यंत कसं पोहोचलं, हा फरक त्याहून मोठा आहे.

साठीच्या दशकात अमेरिकेतल्या कितीतरी उत्तम खेळाडूंचं पोट पैजेवर चाले. इलिनॉयमधल्या जॉन्स्टन सिटीत १९६१पासून भरणाऱ्या स्पर्धांना देशभरचे पैजबाज जमत आणि खरा पैसा स्पर्धेबाहेरच्या टेबलांवर फिरे. १९७२मध्ये केंद्रीय पोलिसांची धाड पडली. अशा जगात आपला खेळ दाखवणं परवडत नाही. आपण किती पाण्यात आहोत हे समोरच्याला कळलं की पुढची पैज गेली. त्यामुळे माणसं मुद्दाम चुकत, खोट्या नावांनी गावोगाव फिरत. मोस्कोनीला या सगळ्याची मनापासून चीड होती. पूलला सभ्य, सुटाबुटातल्या खेळाचा मान मिळावा म्हणून तो आयुष्यभर झटला.

फिलिपिन्सचा एफ्रेन रेयेस मला लपवलेल्या आणि उघड्या खेळाच्या दोन जगांमधला दुवा वाटतो. मनिलातल्या काकांच्या पूल हॉलमध्ये तो वाढला. १९८५ साली तो ह्यूस्टनच्या ‘रेड्स’मध्ये उतरला तो सेझार मोरालेस या नावाने, कारण त्याची कीर्ती आधीच अमेरिकेत पोहोचली होती. पण पुढे त्याला लपणं शक्य राहिलं नाही. १९९४मध्ये यूएस ओपन जिंकणारा तो पहिला बिगर-अमेरिकी खेळाडू ठरला, १९९९मध्ये कार्डिफला नाइन-बॉलचा विश्वविजेता झाला.

तोवर खेळाचा नियमही बदलला होता. जुन्या नाइन-बॉलमध्ये अडचणीत सापडलेला खेळाडू पांढरा चेंडू हवा तिथे सरकवून सुटका करून घेई. नव्या नियमात फाऊल झाला की प्रतिस्पर्ध्याला पांढरा चेंडू हातात घेऊन कुठेही ठेवता येतो. त्यामुळे दडलेल्या चेंडूला कुशनवरून गाठण्याची विद्या एकदम मोलाची झाली, आणि ती रेयेसकडे लहानपणापासून होती. १९९५मध्ये रेनो इथे अर्ल स्ट्रिकलंडविरुद्ध त्याने कुशनांवरून झेडच्या आकारात जाऊन जो चेंडू पाडला, तो अजूनही पूलवेडे पुन्हा पुन्हा पाहतात. अशा सामन्यांच्या व्हिडिओ कॅसेट निघाल्या आणि जे पूर्वी पैसे हरून शिकावं लागे, ते कुणीही घरी बसून थांबवून, मागे नेऊन पाहू लागला.

त्याची फळं लवकरच दिसली. २००५मध्ये तैवानचा वू चिया-चिंग सोळाव्या वर्षी विश्वविजेता झाला. मॉस्कोत जन्मलेल्या फेडॉर गोर्स्टने २०१९मध्ये एकोणिसाव्या वर्षी तेच केलं. ही अक्कल त्यांना एवढ्या लवकर आली, कारण आधीच्यांचं सगळं त्यांच्यासमोर उघडं पडलेलं होतं.

जुन्या खेळाडूंचे चाहते म्हणतात, कार्बन फायबरच्या क्यूंनी खेळ सोपा केला. क्यू सुधारले हे खरंच. पण तेच क्यू सगळ्यांच्याच हाती आहेत आणि आयोजकांनी मोठ्या स्पर्धांत पॉकेट चार इंचांपर्यंत आवळली आहेत. मला हळहळ वाटते ती वेगळ्या गोष्टीची. पूर्वीचं जाड, लवदार कापड चेंडूला अडवायचं. पांढरा चेंडू टेबलभर फिरवायला लांबलचक, डौलदार फटका लागायचा. आजच्या गुळगुळीत कापडावर त्याची गरजच उरलेली नाही. स्ट्रेट पूलमधली गर्दी चेंडू-चेंडू सोडवण्याची कलाही आता फार थोड्यांना येते. हे नुकसान खरं आहे आणि ते मान्य करायला हवं.

तरी माझा कौल आजच्यांना आहे. नेम, ब्रेक, सेफ्टी या तिन्हींत आजचे पहिले पन्नास जण कुठल्याही जुन्या पन्नासांना भारी पडतील. अगदी वरच्या दोन-चार नावांविषयी मात्र मी पैज लावणार नाही. तुम्हाला पटत नसेल तर रेनोचा तो १९९५चा सामना आणि २०२४मध्ये जेद्दाला गोर्स्टने एक्लेंट काचीला १५-१४ असं हरवलं तो विश्वविजेतेपदाचा अंतिम सामना लागोपाठ बघा. गुणफलकाकडे दुर्लक्ष करा. चेंडू पॉकेटच्या जबड्याला घासून आत जातो की बाहेर येतो, एवढंच पाहा आणि मग ठरवा.