अनाथांचा समाचार कसा घ्यावा?

शास्त्रपाठ : याकोब १:२७; २ राजे ४:१-७; लूक ७:११-१५



खरा धर्म कोणता, ह्या प्रश्नाला प्रेषित याकोबाने जे उत्तर दिले ते आपल्या शब्बाथशाळेतील मुलांनाही ठाऊक आहे. त्याने मोठ्या मंदिराचे नाव घेतले नाही, लांब प्रार्थनेचे घेतले नाही, गोड गायनाचेही घेतले नाही. संकटात सापडलेल्या अनाथाकडे व विधवेकडे जाऊन त्यांची काळजी वाहावी आणि जगाचा डाग आपल्या अंगास लागू देऊ नये, एवढेच त्याने सांगितले. ही आज्ञा लहान आहे, परंतु ती पाळण्याची रीत नीट समजून घेतली नाही, तर ज्याचे अश्रू पुसावयास जावे त्याच्याच डोळ्यांत आपल्या हातून पाणी येण्याचा संभव असतो.

अलीकडे पुष्कळ ख्रिस्ती तरुणांच्या मनात परदेशी जाऊन अनाथ लेकरांची सेवा करावी अशी इच्छा उत्पन्न होते. कोणी एक आठवडा, कोणी दोन आठवडे, कोणी महिनाभर जातो. तेथे मुलांस गाणी शिकवितो, भिंतींस रंग देतो, खाऊ वाटतो आणि परत येऊन मंडळीपुढे साक्ष देतो. मंडळीही आनंदाने त्याच्या प्रवासासाठी दान देते. अशा आवेशाची कोणी थट्टा करू नये. ज्या मनात लेकरांविषयी कळवळा नाही त्यापेक्षा चुकतमाकत धावणारे मन बरे. परंतु आवेशाला ज्ञानाची जोड हवी, हे पौलाने रोमकरांस लिहिताना आपणांस शिकविले आहे. म्हणून आज एकच प्रश्न विचारू या : ज्याला आपण अनाथ म्हणतो त्याची आई कोठे आहे?

जुन्या करारात अनाथासाठी जो इब्री शब्द आहे त्याचा अर्थ बहुतेक ठिकाणी 'बापावाचून राहिलेला' असा होतो. म्हणूनच शास्त्रात अनाथ आणि विधवा ही दोन नावे जोडीने येतात. ती बहुधा एकाच झोपडीत राहणारी माणसे होत. जो देव त्या दोघांचा कैवारी म्हणवितो, तो एकाला उचलून दुसरीला रडत ठेवील काय?

तीन विधवांच्या गोष्टी पाहा. सारफथ येथील विधवेचा मुलगा मेला तेव्हा एलीयाने त्याच्यासाठी प्रार्थना केली. तो जिवंत झाल्यावर संदेष्ट्याने त्याला आपला सेवक करून नेले नाही, तर माडीवरून खाली आणून आईच्या स्वाधीन केले. दुसरी विधवा अलीशाकडे आली. तिचा सावकार तिच्या दोन मुलांस दास करून नेणार होता. अलीशाने मुलांसाठी दुसरे घर शोधले नाही. तुझ्या घरात काय आहे, असे त्याने तिला विचारले. आणि घरातल्या त्या थोड्याशा तेलातच देवाने एवढी भर घातली की तिचे कर्ज फिटले आणि ती आपल्या मुलांसह राहू लागली. तिसरी नाईन गावची. आपल्या प्रभूने तिच्या मुलाला तिरडीवरून उठविले आणि त्याच्या आईला परत दिले. ह्या तिन्ही ठिकाणी देवाची दया आईच्या उंबऱ्यापर्यंत आली आणि मूल आईच्याच पदराखाली राहिले.

अनाथांचा सेवक म्हणून ज्याचे नाव आपण आदराने घेतो त्या जॉर्ज म्यूलरकडे पाहा. त्याने १८३६ साली इंग्लंडातील ब्रिस्टल शहरी अनाथालय काढले. पुढे अॅश्ली डाउन येथे पाच मोठी घरे उभी राहिली आणि त्याच्या हयातीत दहा हजारांवर मुलांचे तेथे संगोपन झाले. त्याने कोणापुढे हात पसरले नाहीत, केवळ देवाजवळ मागितले, ही गोष्ट आपण पुष्कळदा ऐकतो. परंतु त्याचा एक नियम होता तो क्वचितच सांगितला जातो. ज्या मुलाचे आई आणि बाप हे दोघेही मृत्यू पावले असतील तेच मूल तेथे घेतले जाई. एवढा विश्वासू पुरुषसुद्धा मुलाला घरात घेण्यापूर्वी ही चौकशी करी.

ती चौकशी न केल्यास काय होते? १२ जानेवारी २०१० रोजी हैती देशात भयंकर भूकंप झाला. अमेरिकेहून दहा ख्रिस्ती स्वयंसेवक तेथे धावून गेले. डोमिनिकन प्रजासत्ताकात अनाथालय काढावे म्हणून ते ३३ मुलांस घेऊन निघाले असता २९ जानेवारीस सरहद्दीवर अडविले गेले. कारण मुलांस नेण्याचे आवश्यक कागदपत्र त्यांच्यापाशी नव्हते. मग चौकशीत काय आढळले? त्यांतील अनेक मुलांचे आईबाप जिवंत होते. मुलांस शाळा मिळेल, पोटभर अन्न मिळेल, ह्या आशेने त्या दरिद्री लोकांनी आपली लेकरे परक्यांच्या हाती दिली होती. अपहरणाचा आरोप पुढे मागे घेण्यात आला आणि बहुतेक मुले आपापल्या घरी परत गेली. त्या स्वयंसेवकांचे मन दुष्ट होते असे आपण म्हणू नये. परंतु चांगल्या हेतूने ओढले तरी आईच्या कुशीतून ओढलेले मूल ओढलेलेच असते.

कंबोडियाची गोष्ट अधिक विचार करण्याजोगी आहे. १९७५ ते १९७९ ह्या काळात त्या देशात फार मोठा संहार झाला आणि असंख्य मुले खरोखर पोरकी झाली. पुढे शांतता आली, तेव्हा अनाथालये कमी व्हावयास हवी होती. परंतु २००५ पासून २०१० पर्यंतच्या पाच वर्षांत त्यांची संख्या शेकडा ७५ ने वाढली. अनाथालयांतील दर चार मुलांपैकी जवळजवळ तिघांचे आई किंवा बाप जिवंत आहेत, असे २०११ साली दिसून आले. मग ती मुले तेथे का होती? पाहुणे येतात आणि पैसा देतात. पैसा यावा म्हणून घरात मुले दिसली पाहिजेत. मुले दिसावी म्हणून खेड्यापाड्यांत माणसे पाठविली जातात आणि ती गरीब आईला म्हणतात, तुझ्या मुलास आम्ही शिकवू. अशा रीतीने पाहुण्याच्या दयेतून अनाथ निर्माण होतात. काही ठिकाणी तर पाहुण्यांची दया आटू नये म्हणून मुलांस मुद्दाम हालात ठेवतात. २०१९ साली संयुक्त राष्ट्रांच्या महासभेनेही अनाथालयांतील अशा स्वयंसेवेपासून मुलांस होणाऱ्या अपायाविषयी सर्व राष्ट्रांस सावध केले.

आणखी एक गोष्ट. लहान मूल मायेच्या माणसाला लगेच बिलगते. पाहुणा चौदा दिवस त्याला कडेवर घेतो, पंधराव्या दिवशी निघून जातो आणि सोळाव्या दिवशी दुसरा येतो. पाहुण्याला ती गोड आठवण होते. मुलाला मात्र तो आणखी एक वियोग होतो. वर्षातून दहा वेळा सोडले गेलेले मूल अखेरीस कोणावर विश्वास ठेवील? आणि ज्या देवाच्या नावाने ते पाहुणे आले, तो देव तरी आपल्याजवळ राहतो हे त्याने कशावरून मानावे?

कोणी म्हणेल, पाळकसाहेब, आपलेच आजेपणजे दुष्काळातल्या अनाथालयांतून वाढले ना? होय, आणि त्याबद्दल देवाचे उपकार मानावे तितके थोडे. १८९६-९७ च्या दुष्काळात पंडिता रमाबाई मध्य प्रांतात गेल्या आणि सुमारे ३०० मुली व स्त्रिया घेऊन आल्या. तेव्हा मागे अन्न नव्हते आणि पुष्कळांचे कोणी उरलेही नव्हते. शिवाय रमाबाईंनी विधवांनाही घर दिले, त्यांस हाताला काम शिकविले, आणि १९२२ साली मरण येईपर्यंत त्या केडगावीच राहिल्या. जेथे खरोखर कोणी उरलेले नाही तेथे घर काढणे हे देवाचे काम आहे. परंतु ज्याची आई चुलीपाशी बसून वाट पाहते, त्याला अनाथ म्हणून लिहिणे ही खोटी साक्ष आहे.

तर मग काय करावे? ज्याला परदेशी जावयाचे आहे त्याने आधी विचारावे : ह्या मुलांचे नातलग कोण? त्यांस घरी पोहोचविण्यासाठी ही संस्था काय करते? माझ्याऐवजी तेथीलच एखाद्या बाईला हे काम देता येईल काय? उत्तर मिळाले नाही तर त्याने जाऊ नये, आणि मंडळीनेही दान देऊ नये. जो दाई, वैद्य किंवा शिक्षक आहे त्याने तेथील सेवकांस शिकवावयास जावे. तेथील भाषा शिकावी आणि पुष्कळ दिवस राहावे. ज्याला तसे राहता येत नाही त्याने प्रवासाचा पैसा एखाद्या आईचे घर टिकविण्यासाठी पाठवावा. फारोच्या मुलीला मोशे सापडला तेव्हा देवाने काय योजिले ते आठवा. मोशेच्या आईलाच मजुरी मिळाली आणि तिने आपलेच बाळ पाजले. ह्याहून उत्तम योजना कोणती?

खेड्यांतील उपदेशक बंधूंनो, हे तुम्हांसाठीही आहे. मुले नेण्यासाठी कोणी गावी आला आणि शिफारशीवर तुमची सही मागू लागला, तर घाई करू नका. आपल्या देशाच्या २०१५ च्या कायद्याप्रमाणे मुलांचे गृह नोंदलेले असावे लागते, निराधार मूल बालकल्याण समितीपुढे आणावे लागते, आणि संस्थेत ठेवणे हा अगदी शेवटचा उपाय समजला जातो. एक पालक गमावलेल्या मुलास कुटुंबातच वाढविता यावे म्हणून महाराष्ट्रात बालसंगोपन योजना आहे. तिचा अर्ज भरून देणे हीदेखील देवाची सेवा होय. आणि मंडळीच्या पंचांनो, सुगीच्या सणाचे धान्य येते तेव्हा गावातल्या विधवेचे मडके आधी पाहा.

प्रभूने आपल्या शिष्यांस वचन दिले की मी तुम्हांस पोरके ठेवणार नाही. ते वचन त्याने चार दिवसांच्या भेटीने पुरे केले नाही. त्याने आपला आत्मा दिला, तो सदोदित आपल्याबरोबर राहतो. वधस्तंभावर असह्य वेदना होत असताही त्याने आपल्या आईला शिष्याच्या घरी सोपविले आणि शिष्याला आई दिली. जो मरतामरता घर जोडून गेला, त्याचे नाव घेऊन आपण कोणाचे घर मोडू नये. तो आपणांस कळवळा देवो, कळवळ्यासह विवेक देवो, आणि आपल्या हातून प्रत्येक लेकरू त्याच्या आईच्या पदरापर्यंत पोहोचो. आमेन.