परिषदेला जेवायचं कुठं?

परिषदेला माणसं विचार ऐकायला जातात, असा एक गोड गैरसमज आहे. खरं म्हणजे सकाळी अकरापासून मंडपातल्या प्रत्येकाच्या मनात एकच विचार असतो आणि त्याचा उगम डोक्यात नसून पोटात असतो. निदान माझा तरी असतो. परिषद जुन्या गावी असली, की इतर मंडळी तिथली देवळं विचारतात. मी खानावळी विचारतो. देवळं काही पळून जात नाहीत. भाजी संपते.

वाशीमला एका साहित्यविषयक परिषदेला गेलो, तेव्हाही हेच झालं. वाशीम तेव्हा अकोला जिल्ह्यात होतं. त्याचा स्वतंत्र जिल्हा १९९८ साली झाला. पण गाव फार जुनं. वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी वत्सगुल्म, ती हीच. इथल्या सर्वसेन राजानं ‘हरिविजय’ हे प्राकृत काव्य रचलं आणि याच घराण्यातल्या हरिषेणाच्या वराहदेव नावाच्या मंत्र्यानं अजिंठ्याचं सोळावं लेणं कोरवून घेतलं. पहिल्या वक्त्यानं हे सांगितलं, तेव्हा मी ते वहीत टिपूनही घेतलं. मग ते राजशेखराकडे वळले. त्याच्या ‘काव्यमीमांसे’त अशी कथा आहे, की काव्यपुरुष रुसून देशोदेशी भटकायला निघाला, साहित्यविद्या त्याच्या मागोमाग गेली आणि अखेर विदर्भातल्या या वत्सगुल्मात दोघांचं लग्न लागलं.

लग्न म्हटल्यावर मी सावरून बसलो. आता पंगतीचं वर्णन येणार! पण लग्न निघालं गांधर्व. म्हणजे मांडव नाही, वाजंत्री नाही आणि जिलबी तर नाहीच. असल्या प्रकाराला लग्न म्हणावं का, हाच मुळी एक नैतिक प्रश्न आहे.

साडेबाराचं भोजन दीड वाजला तरी लांबणीवरच होतं. जेवणाचं कूपन माझ्या खिशात होतं. पण मंडपामागून सकाळपासून येणारा वास वांग्याच्या भाजीचा होता. वांगं आणि मी, आमचं लहानपणापासून पटत नाही. तेवढ्यात शेजारचे गृहस्थ कानाशी लागले, “स्टँडच्या रस्त्यावर एका खानावळीत पातोडीचा रस्सा मिळतो बरं!” मी पाचव्या मिनिटाला निकडीचा चेहरा करून मंडपाबाहेर पडलो.

ज्वारीची गरम भाकर, वर कांदा आणि रश्श्यात बुडालेल्या बेसनाच्या वड्या. पहिल्या घासाला डोळ्यांत पाणी आलं, दुसऱ्याला नाकात, आणि तिसऱ्याला विदर्भाविषयी आदर दाटून आला. डोळे पुसून समोर पाहतो, तर पलीकडच्या बाकावर दुपारच्या परिसंवादाचे अध्यक्ष! आम्ही दोघांनीही एकमेकांना ओळखलं नाही. सुसंस्कृतपणा म्हणतात तो हाच.

परतताना मी मनाशी हिशेब मांडला. पोट माझं, पैसे माझे, जीभ माझी. शिवाय यजमानांचं एक पान वाचलं. यात कुणाचं काय बिघडलं? म्हटलं तर हे समाजकार्यच झालं.

मंडपामागे पोहोचलो, तेव्हा तीन वाजून गेले होते. पंगती उठल्या होत्या. चुलीजवळ पाच-सहा माणसं नुसतीच बसून होती. त्यांतले एक म्हातारे गृहस्थ खांद्यावरच्या पंचानं हात पुसत पुढे आले.

“भाऊ, तुमी जेवाचे राह्यले ना? बसा, पान वाढतो.”

“अहो, पण तुमची जेवणं...?”

“दोन कुपनं कमी भरली. म्हटलं, पाव्हने कुठी गप्पात अडकले असतीन. पाव्हने उपाशी असल्यावर आमाले कसा घास उतरन?”

पहाटे चारपासून चुलीपुढे राबलेली ही माणसं माझ्यासाठी खोळंबली होती आणि माझ्या मिशीला अजून रस्सा होता! खरं सांगावं, तर त्यांच्या वाट पाहण्याची किंमत शून्य होत होती. न सांगावं, तर भरल्या पोटी वांगं. मी मुकाट्यानं पाटावर बसलो. खोटं बोललो नाही. पण खोटं जेवलो. नीतिशास्त्रात या गुन्ह्याला काय नाव आहे, कोण जाणे.

तेव्हापासून एक गोष्ट मनात घर करून आहे. खानावळीत पैसे दिले, की आपण मोकळे. आपण न गेलो तरी तिथं कुणी खोळंबत नाही. पंगतीत मात्र कुणीतरी आपल्याला मोजलेलं असतं. आपली चव आपल्या मालकीची असेल. पण आपली भूक थोडी यजमानाच्याही मालकीची असते. अन्नाची निंदा करू नये आणि दारी आलेल्याला परत पाठवू नये, असं तैत्तिरीय उपनिषद सांगतं. पाहुण्यानं यजमानाला उपाशी ठेवू नये, हे सांगायचं मात्र राहून गेलं. ऋषींना कुपनं ठाऊक नव्हती, दुसरं काय!

तेव्हा परिषदेला गेल्यावर जेवायचं कुठं, असं कुणी विचारलं, तर मी म्हणतो, कुठंही जेवा. पातोडी खा, कचोरी खा. फक्त सकाळीच कूपन परत करा आणि तोंडानं सांगा, की माझं पान धरू नका.

त्या दिवशी मी वांग्याचा दुसरा घास कसाबसा गिळत होतो, तोच शेजारी आणखी एक पान मांडलं गेलं. त्या पानावर म्हाताऱ्यांनी हाताला धरून आणून बसवले, ते अध्यक्ष होते. या वेळी मात्र आम्ही एकमेकांना ओळखलं.