दिव्यदृष्टी आणि माळवदाचे घर

रेणापूर येथील एका कुटुंबात सायंप्रार्थनेसाठी गेलो असता घरातील मुलांनी आम्हांस 'स्टार वॉर्स' चित्रपटमालिकेची कथा मोठ्या उत्साहाने ऐकविली. १९७७ साली जॉर्ज लुकास यांनी पडद्यावर आणलेले हे विश्व विज्ञान आणि परीकथा यांच्या मिश्रणातून घडले आहे. तेथे 'फोर्स' नावाची गूढ शक्ती चराचरात भरून राहिलेली असून जेडाय नावाच्या व्रतस्थ योद्ध्यांना तिच्या बळावर दूरचे दिसते, उद्याचेही दिसते. कथा संपल्यावर दहावीतला मुलगा म्हणाला, "फादर, किल्लारीच्या वेळी आपल्याकडे असा एक जण असता तर?"

घरातील आजी एकदम स्तब्ध झाल्या. त्यांचे माहेर त्या उद्ध्वस्त गावांपैकी एका गावचे.

प्रश्न पोरकट नव्हता. उद्या काय वाढून ठेवले आहे हे जाणण्याची ओढ माणसाला आहेच. पहाटेच्या अंधारात कुडमुडे वाजवीत दारी येणारा पिंगळा आणि पावसाचे ठोकताळे सांगणारी सहदेव-भाडळी आपल्या मातीतल्याच. आमच्या कॅथोलिक कुटुंबांतही जपमाळेशेजारी कुंडली जपून ठेवलेली आम्ही पाहिली आहे. विचारले की 'नुसती ठेवली आहे, फादर' असे उत्तर मिळते. २००८ साली डॉ. जयंत नारळीकर, डॉ. नरेंद्र दाभोलकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी महाराष्ट्रात ज्योतिषाची चाचणी घेतली. पत्रिकेवरून मूल हुशार की मतिमंद एवढेच सांगावयाचे होते. सत्तावीस ज्योतिषांनी उत्तरे पाठविली आणि शंभरात शेहेचाळीस बरोबर आली. नाणे उडवून याहून वाईट निकाल लागला नसता.

परंतु मुलाचा प्रश्न खोट्या दृष्टीविषयी नव्हता. दृष्टी खरी असती तर?

गंमत अशी की, ज्या कथेने त्याला हा प्रश्न सुचविला, तिनेच त्याचे अर्धे उत्तर देऊन ठेवले आहे. २००५ सालच्या चित्रपटात अनाकिन या तरुण योद्ध्याला पत्नीचा, पद्मेचा, प्रसूतीसमयीचा मृत्यू स्वप्नात दिसतो. तो टाळण्यासाठी तो दुष्टाच्या आश्रयाला जातो, निरपराधांची हत्या करतो, आणि ज्या भयापायी हे सारे केले तेच त्याच्या करणीने ओढवते. १९८० सालच्या चित्रपटात त्याचाच पुत्र ल्यूक मित्रांच्या यातना दुरून पाहतो, साधना अर्धवट टाकून धावतो आणि सापळ्यात सापडतो. अखेर ज्यांना वाचवावयास तो गेला, त्यांनाच परत येऊन त्याला वाचवावे लागते. दिसले ते खोटे नव्हते. पाहणाऱ्याचे मन भयाने व्यापलेले होते आणि आपला उद्या आपल्या मुठीत असावा हा हट्ट त्या भयात दडला होता.

१९९२ साली पोप दुसरे जॉन पॉल यांनी प्रसिद्ध केलेला कॅथोलिक धर्मशिक्षणाचा ग्रंथ भविष्यकथनाचे व दूरदृष्टीच्या नावाने चालणारे सर्व प्रकार त्याज्य ठरवितो. त्याने दिलेले कारण मुळाशी जाणारे आहे: काळावर, इतिहासावर आणि शेवटी इतर माणसांवर सत्ता गाजविण्याची लालसा त्यांत असते. मात्र परमेश्वर आपल्या संदेष्ट्यांना भावी गोष्टी प्रकट करू शकतो, हेही तोच ग्रंथ सांगतो. मग शौल राजा रात्री वेष पालटून एन-दोरच्या स्त्रीकडे गेला आणि योना निनवेत गेला, यांत भेद कोणता? शौलाला उद्याच्या लढाईचा निकाल हवा होता. तो मिळाला आणि त्याचे हातपाय गळाले. योनाने चाळीस दिवसांत नगराचा नाश सांगितला आणि नगर पश्चात्तापाने वाचले. भविष्य खोटे ठरले म्हणून योना रुसून बसला! धर्मग्रंथातील हा प्रसंग आम्हांस फार आवडतो. खरे ठरू नये म्हणूनच ते उच्चारले गेले होते, हे बिचाऱ्याला उमगलेच नाही.

असो. किल्लारीकडे वळू. ३० सप्टेंबर १९९३, पहाटेचे ३ वाजून ५६ मिनिटे. अनंत चतुर्दशीचे विसर्जन आटोपून गावे निजली होती. अधिकृत नोंदीनुसारच सुमारे आठ हजार माणसे गेली. भूकंपाच्या नकाशात हा भाग सर्वांत निर्धोक पट्ट्यात दाखविलेला होता, म्हणून कोणास काही दिसले नव्हते असे आपण म्हणतो. पण १९९२ मध्ये त्याच परिसरात जमिनीने अनेकदा हादरे दिले होते. आणि बहुतेकांना मारले ते घरांनी: मातीत रचलेल्या रुंद दगडी भिंती, वर लाकडावर तोललेले माळवद, गळू नये म्हणून त्यावर चढत गेलेले मातीचे थर. हे पाहावयास दिव्यदृष्टी लागत नव्हती.

आम्ही एवढे बोललो आणि आजी प्रथमच बोलल्या. "फादर, आदल्या साली माझ्या माहेरची माणसं अंगणात निजलीच होती की. किती दिवस निजावं? लेकरं होती, ढोरं होती. दुसरं घर कोण देत होतं?"

आम्ही निरुत्तर झालो. 'दिसत होते, तरी पाहिले नाही' हे वाक्य प्रवचनात आम्ही सहज वापरीत आलो आहोत, आणि ते मृतांच्या माथी मारण्याएवढा निर्दयपणा दुसरा नाही. त्यांनी पाहिले होते. त्यांच्या हाती दुसरी भिंत नव्हती. महाभारतात व्यासांनी देऊ केलेली दिव्यदृष्टी धृतराष्ट्राने नाकारली, कारण कुलसंहार त्याला डोळ्यांनी पाहवणार नव्हता. युद्ध थोपविण्याची सत्ता मात्र सर्वस्वी त्याच्याच हाती होती. ज्याच्या हाती काही करणे असते त्याने दृष्टी नाकारावी आणि ज्याच्या हाती काही नसते त्याने अंगणात जागत बसावे, हा प्रकार हस्तिनापुरापुरता उरलेला नाही. एखादा जेडाय लातूरच्या रस्त्यावर उभा राहून ओरडला असता, तरी आजींचा प्रश्न शिल्लक राहिला असताच: लोकांनी जावे कोठे?

भूकंपानंतर सरकारने आणि देशोदेशींच्या संस्थांनी घरे बांधली, गावे नव्या जागी वसली. म्हणजे करता येत होते.

२१ मार्च २०२४ च्या सकाळी हिंगोली-नांदेड भागात धक्का जाणवला, त्या दिवसाची आठवण निघाली. निरोप घेताना तो मुलगा दारापर्यंत आला. "फादर, तेव्हापासून आपल्या धर्मशिक्षणाच्या खोलीच्या भिंतीला भेग आहे. तुम्ही पाहिली का?"

आम्ही ती रोज पाहत होतो. गवंड्याला निरोप दुसऱ्या दिवशी धाडला.